वाफशाआधीचा युरिया आणि जमिनीतून जाणारा नायट्रस ऑक्साईड

इंदापूर तालुक्यातील एका ऊस बागायतदाराने विचारले आहे की, उन्हाळाभर तापून भेगाळलेल्या काळ्या जमिनीवर मे महिन्यातच मुसळधार पाऊस झाला तर तिच्यातून हरितगृह वायू जास्त निघतात का, आणि वर्षाचा एकूण पाऊस तेवढाच राहिला तरी फरक पडतो का. फरक निश्चित पडतो, कारण मातीतील जिवाणूंचे काम त्या-त्या दिवशीच्या ओलाव्यावर, उष्णतेवर आणि उपलब्ध नत्रावर चालते.

जमीन दीर्घकाळ कोरडी राहिली की बरेचसे जिवाणू मरतात, उरलेले सुप्त होतात. पहिल्या पावसाने हे मृत अवशेष एकदम विघटनाला मोकळे होतात आणि काही तासांतच कार्बन डायऑक्साईड वेगाने बाहेर पडू लागतो. केनियात काम करणारे संशोधक बर्च यांनी 1958 साली हे सविस्तर मांडले. मात्र हे थोड्याफार प्रमाणात दर पावसाळ्याच्या तोंडाशी घडतेच. मला खरी काळजी वाटते ती नायट्रस ऑक्साईडची, कारण 100 वर्षांच्या हिशेबात त्याचा तापमानवाढीवरील परिणाम कार्बन डायऑक्साईडच्या 273 पट धरला जातो.

मातीतील पोकळ्या साधारण 60 ते 80 टक्के पाण्याने भरल्या की जिवाणूंना हवेतील प्राणवायू अपुरा पडतो, ते नायट्रेटमधील प्राणवायू वापरू लागतात आणि त्या वाटेवर नायट्रस ऑक्साईड सुटतो. पाणी तुडुंब साचले तर बराचसा नत्र निरुपद्रवी नायट्रोजन वायू होऊन जातो. हवामानाचे त्यात नुकसान नाही, पण खताचा पैसा वाया गेला तो गेलाच. म्हणून पाणी ओसरू लागल्यापासून वाफसा, म्हणजे जास्तीचे पाणी निघून जमीन मशागतीजोगी ओलसर होण्याची स्थिती, येईपर्यंतचे दिवस सर्वांत जोखमीचे असतात, आणि भारी काळ्या जमिनीत निचरा सावकाश होत असल्याने ते लांबतात.

2025 साली मॉन्सून 26 मे रोजीच पुण्यात पोहोचला. सुरू उसाची (जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या) मोठी बांधणी, म्हणजे बुंध्याला मातीची भर देणे, याच सुमारास येते, म्हणजे युरियाचा मोठा हप्ता आणि असा पाऊस एकमेकांना गाठू शकतात. दुष्काळात पीक खुरटले असेल तर न उचललेला नत्रही जमिनीत शिल्लक असतो आणि त्यात भर पडते.

हरितगृह वायूंच्या हिशेबाच्या तक्त्यांत हे नीट उतरत नाही. हवामान बदलावरील आंतरसरकारी समितीच्या 2019 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार, दिलेल्या नत्रापैकी कोरड्या हवामानात 0.5 टक्के, तर ओल्या हवामानात रासायनिक खतातील 1.6 टक्के नत्र नायट्रस ऑक्साईडच्या रूपाने जातो असे धरतात. पावसावरून इंदापूर कोरड्या गटात येते. हेक्टरी 250 किलो नत्र दिले तर पहिल्या दराने सुमारे 535 किलो, दुसऱ्या दराने सुमारे 1,715 किलो कार्बन डायऑक्साईडइतका भार येतो. आणि वाफसा नसलेल्या त्या आठवड्यात तुमची जमीन ओल्या प्रदेशातील जमिनीसारखीच वागत असते. प्रत्यक्ष मोजणीतही हे सहज निसटते: मातीत दाबलेल्या कड्यावर बंद पेटी ठेवून सिरिंजने ठरावीक मिनिटांनी हवेचे नमुने घेतात, पण ही फेरी पंधरवड्याने एकदाच झाली तर दोन-तीन दिवसांचा उच्चांक नोंदलाच जात नाही.

तेव्हा मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर बांधणीचा युरिया थांबवा, शेताच्या कडेचे चर मोकळे ठेवा आणि ठिबक असल्यास नत्र लहान हप्त्यांत विभागून द्या. पावसानंतर वीतभर खोलीवरची मूठभर माती दाबून तिचा गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. तो चिखलासारखा चपटला तर अजून थांबा. फुटून मोकळा झाला तर वाफसा आला, मग खत द्यायला हरकत नाही.