‘वाढीव काम’ नावाची एक ओळ

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र, त्या बाथरूमच्या कामाचं अंदाजपत्रक आणि शेवटचं बिल, तिन्ही मिळालं. आधी पत्र वाचलं, मग बिल, आणि मग पत्र पुन्हा एकदा. पत्रात तू लिहितोस, ‘मालक पैसे बुडवायला निघालेत.’ बिलात मला तसं काही दिसलं नाही. दिसली ती शेवटची एक ओळ: ‘वाढीव काम, एकरकमी.’ अंदाजपत्रक 100 धरलं तर बिल 138 वर गेलंय, आणि त्या 38 चा सगळा हिशेब तू या एका ओळीत कोंबलायस. मी त्या घरात राहत असतो तर मीही पैसे अडवले असते.

रागावलास तर रागाव, पण पुढचं वाच. काल संध्याकाळी तुझ्या पावत्या, मजुरांची हजेरी आणि फोटो पुढ्यात घेऊन मी ती ओळ फोडत बसलो. 38 पैकी साधारण 14 गेलेत सांडपाण्याच्या कुजलेल्या पाइपवर आणि त्याखालच्या स्लॅबच्या दुरुस्तीवर. 11 गेलेत मालकांनी मध्येच बदललेल्या टाइल्सवर. 6 भाववाढीचे. उरलेले 7 सरळसरळ तुझी चूक आहे. हे चार निरनिराळे पैसे आहेत. त्यांची जबाबदारीही निरनिराळ्या माणसांवर येते. तू चारही एका पिशवीत घालून पिशवी मालकांच्या दारात ठेवलीस. मग त्यांनी आत न बघताच ती परत केली, तर त्यात नवल काय?

पाइपचं आधी बघू, कारण खरा वाद तिथेच आहे. जुन्या बाथरूमची फरशी फोडल्याशिवाय खाली काय आहे ते कुणालाच कळत नाही. हे तुला ठाऊक होतं, मालकांना नव्हतं. आणि तरी तू त्यांना दिलेला आकडा अगदी शेवटच्या अंकापर्यंत नेमका होता. इतका नेमका आकडा बघितला की माणसाला वाटतं, यांनी सगळं मोजलेलं दिसतंय. खर्चाच्या अंदाजांचं शास्त्र बघणारी एएसीई इंटरनॅशनल म्हणून एक संस्था आहे. मोठ्या औद्योगिक प्रकल्पांसाठी तिने अंदाजांचे पाच वर्ग पाडलेत. सगळ्यात कच्च्या, पाचव्या वर्गात प्रत्यक्ष खर्च अंदाजाच्या वर 30 ते 100 टक्के जाऊ शकतो असं धरतात. सगळं आरेखन झाल्यावर केलेल्या पहिल्या वर्गातसुद्धा 3 ते 15 टक्क्यांची मोकळीक ठेवतात. तिथे हाताशी अभियंत्यांची फौज असते, तरीही. आपण एका फेरीत, टेप आणि डायरी घेऊन केलेला अंदाज यातल्या कुठल्या वर्गात बसतो ते तूच ठरव.

एकदा कानावर पडलेला आकडा मात्र माणसाच्या डोक्यातून जात नाही. पुढचं सगळं तो त्याच्याशीच ताडून बघतो. 2002 साली अमेरिकेत स्वयंपाकघर नव्याने करून घेतलेल्या घरमालकांची पाहणी झाली होती. त्यांना सरासरी जेवढा खर्च येईल असं वाटलं होतं, त्याच्या दुपटीहून जास्त प्रत्यक्षात झाला होता. त्या सगळ्यांचे कंत्राटदार काही चोर नसणार. पण प्रत्येक घरात कधी ना कधी ‘तुम्ही तर एवढंच म्हणाला होतात’ हे वाक्य उच्चारलं गेलं असणार, याची मला खात्री आहे.

आता माझी एक गोष्ट सांगतो. तुझ्याएवढा होतो तेव्हाची. एका घराचं रंगकाम आणि थोडी तोडफोड घेतली होती. एका खोलीत भिंत चिरली तर आतल्या वायरींचं आवरण करपलेलं, हात लावला की भुगा होत होता. मालक गावाला गेले होते. मी मागचापुढचा विचार न करता अख्ख्या खोलीचं वायरिंग नवं केलं. मनात म्हटलं, केवढं चांगलं काम केलं आपण. बिल दिलं तेव्हा मालक शांतपणे म्हणाले, ‘मला विचारलंत का?’ मी आगीचा धोका, सुरक्षितता, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बरोबर आहे. पण मला आधी कळलं असतं, तर त्या खोलीची वीज मी तोडून ठेवली असती, ती खोली पुढच्या वर्षी केली असती आणि हे पैसे स्वयंपाकघरात घातले असते.’ माझ्यापाशी उत्तर नव्हतं. त्यांना पैसे नव्हते असं नाही. त्यांचं ठरवायचं काम मी परस्पर उरकून टाकलं होतं.

तुझ्या फोटोंवर तारखा आहेत. पाइप कुजलेला दिसला तो सोमवार. नवा पाइप बसून वर काँक्रीट झालं तो गुरुवार. मधल्या तीन दिवसांत मालकांना एक फोनही नाही. सोमवारीच काम थांबवून त्यांना बोलावलं असतंस, तो पाइप त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला असता, तिथेच कागदावर खर्च मांडून सही घेतली असतीस, तर त्यांच्या हातात बरंच काही होतं. टाइल्स स्वस्तातल्या घेता आल्या असत्या, काचेचं पार्टिशन पुढे ढकलता आलं असतं, दुसऱ्या कुणाचं मत विचारता आलं असतं. आता त्यांच्या हातात एकच गोष्ट उरलीय, पैसे न देणं. तेच ते करतायत.

यापुढे अंदाजपत्रकाच्या शेवटी एक परिच्छेद लिहायचा: ‘यात काय धरलेलं नाही.’ फरशीखालचे पाइप, भिंतीतल्या वायरी, स्लॅबमधली गंजलेली सळई, वॉटरप्रूफिंगखालची अवस्था. शिवाय घर जुनं असेल तर 10 ते 20 टक्के रक्कम वेगळी काढून ठेवा, असं मालकांना तोंडावर सांगायचं. ती रक्कम त्यांच्याच खिशात राहू दे. तुझ्या दरांत लपवू नकोस, कारण लपवलेले पैसे लागले नाहीत तर परत द्यायची बुद्धी होत नाही. स्वतःवरून सांगतो.

आता टाइल्स. हे 11 तुझे हक्काचे आहेत, आणि गंमत म्हणजे तेच मागायला तू सगळ्यात जास्त संकोचलेला दिसतोस. मालकांनी दारात उभं राहून म्हटलं, ‘टाइल्स छतापर्यंतच घेऊ या ना, दोन फुटांचाच तर प्रश्न आहे.’ आणि तू म्हणालास, ‘करू की.’ या दोन शब्दांइतका महाग माल आपल्या धंद्यात दुसरा नाही. बाथरूम 5 बाय 8, म्हणजे भिंतींचा घेर 26 फूट. सात फुटांपर्यंत डॅडो, म्हणजे भिंतीवरच्या टाइल्स, घेतला तर 182 चौरस फूट, अडीच बाय सातचं दार वजा जाता 164.5. वरचे दोन फूट म्हणजे आणखी 52 चौरस फूट, कारण दाराच्या वरही टाइल लागते. सात आणि नऊ यांतला फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण भिंतीच्या टाइल्सचं काम जवळजवळ एक तृतीयांशाने वाढलं. त्यात टाइलही मोठी निवडली. मोठ्या टाइलला भिंत जास्त सपाट लागते, नुसत्या सिमेंटच्या मालावर भागत नाही, अॅडहेसिव्ह लागतं, उचलायला दोन माणसं लागतात आणि कापताना तुकडे जास्त वाया जातात. हे मालकांना कुठून कळणार? ते हौसेने बोलले. आकडा सांगायचं काम तुझं होतं, त्याच दारात, त्याच मिनिटाला. ‘करू की, पण एवढे वाढतील, संध्याकाळी लिहून पाठवतो’ म्हणायला किती वेळ लागतो?

भाववाढीचं थोडक्यात सांगतो. भाव वाढतात हे खरंच आहे. 2021 च्या मे महिन्यात अमेरिकेत बांधकामाच्या लाकडाचे वायद्याचे भाव महासाथीआधीच्या चौपटीच्या आसपास गेले होते आणि तो उन्हाळा संपायच्या आत कोसळलेही. पण तुझ्या अंदाजपत्रकात दर किती दिवसांपुरते आहेत याचा उल्लेखच नाही. मग वाढलेल्या भावाचा धनी तूच. शिवाय भाव उतरले असते तर तू परत दिले असतेस का?

उरलेले 7 सोडून दे. राडारोडा खाली उतरवून वाहून न्यायला पैसे पडतात हे तू धरलंच नव्हतंस. भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, नाही हे पहिल्या भेटीत ओळंबा सोडला असतास तर दिसलं असतं. मग तो जाडजूड गिलावा ‘अचानक’ करावा लागला नसता. तू पत्रात अभिमानाने लिहिलंयस की हे काम मागणाऱ्या तिघांत सगळ्यात कमी आकडा तुझा होता. 1971 साली एका तेलकंपनीतल्या तीन अभियंत्यांनी लिलावांबद्दल एक लेख लिहिला. तेलक्षेत्रात किती तेल आहे ते कुणालाच नक्की ठाऊक नसतं, त्यामुळे लिलाव बहुतेक वेळा तोच जिंकतो ज्याने तेलाचा सगळ्यात जास्त फुगवलेला अंदाज बांधलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे तेच उलट्या बाजूने होतं. तुझा आकडा कमी होता कारण तू राडारोडा विसरलास. बाकीचे दोघे विसरले नव्हते.

आणखी एक विचारतो. उत्तर मला कळवू नकोस. मधले अकरा दिवस काम बंद होतं, तेव्हा या मालकांचा अॅडव्हान्स दुसऱ्या साइटवर फिरत होता का? आपल्या धंद्यात हे फार जण करतात, मीही केलंय. मग शेवटी हात तंग होतो आणि ‘वाढीव काम’ ही ओळ फुगायला लागते.

पैसे बुडवणारे मालकही असतात, मान्य. शेवटचा हप्ता आला की त्यांना अचानक टाइलचा सांधा वाकडा दिसायला लागतो. पण तुझ्याच पत्रात आहे की यांनी आतापर्यंतचा प्रत्येक हप्ता वेळेवर दिलाय. बुडवणारा माणूस इतका वेळ थांबत नाही.

तेव्हा हे बिल परत घे. नवं लिही, चार ओळींचं. 7 लावू नकोस. 6 पैकी निम्मे मागून बघ, नाही म्हणाले तर तिथेच सोड. 11 पूर्ण लाव, मोजमापासकट. 14 साठी पाइपचे फोटो, मालाच्या पावत्या आणि मजुरी मांड, स्वतःचा नफा काढून टाक आणि आधी सांगायला हवं होतं हे त्यांच्या तोंडावर कबूल कर. ते सगळं देतीलच असं मी म्हणत नाही. थोडं तुझ्या अंगावर येईल.

शनिवारी जाशील तेव्हा टेप घेऊन जा. टेपचं एक टोक मालकांच्या हातात दे आणि दोघांनी मिळून बाथरूम पुन्हा मोजा. आकडे त्यांच्याच हाताने लिहू देत. पण जाण्याआधी बिलातला डॅडो तपासून घे. अंदाजपत्रकात तू दार वजा केलं होतंस. बिलात 234 चौरस फूट लावलेत.

तुझा,
काका