राक्षस नसला की प्रेमकथेचं काय होतं

"माझं वय झालं की लेखिका घसरली?" असं तुम्ही विचारलंय. जिची जादूच्या राज्याची चारही पुस्तकं दोन-दोनदा वाचली, तिचीच शाळेतली प्रेमकथा अर्ध्यावर मिटावीशी वाटली, म्हणून. मला दोन्ही पटत नाही. वयाचं तर सोडाच. मी चाळिशीतही टीनएजर्सची पुस्तकं हौसेने वाचते आणि चांगलं हाती लागलं तर अजून रात्र जागते.

गोम वेगळीच आहे. फँटसीत दोघांना जवळ आणायचं काम संकट करतं. मागे सैन्य, घोडा एकच, पांघरूणही एकच. ती दोघं दोन धड वाक्यं बोलली नाहीत तरी आपली छाती धडधडते, आणि त्याचं श्रेय आपण प्रेमाला देऊन मोकळे होतो. वर्गात सैन्य नाही, घोडा नाही. उरतात दोन माणसं आणि त्यांचं बोलणं. तेच कच्चं असलं की मग संकट बाहेरून आणावं लागतं: अर्धवट ऐकलेला फोन, नको त्या वेळी दिसलेली मिठी. तुमच्या पुस्तकातला साठ पानांचा गैरसमज याच जातीचा. एका मेसेजने मिटला असता बिचारा.

आणि संकट लागतंच असंही नाही. मॉरीन डेलीची 'सेव्हन्टीन्थ समर' 1942 साली आली; लिहिली तेव्हा ती कॉलेजात होती. त्यात म्हटलं तर काही घडत नाही. एक उन्हाळा, एक मुलगा, आणि उन्हाळा संपला की मुलगी कॉलेजला जाणार. एवढ्यावर पुस्तक उभं राहतं. ज्यूडी ब्लूमची 1975 ची 'फॉरेव्हर' त्याहून धीट. प्रेमात पडलेली, शरीरानेही जवळ आलेली मुलं, आणि शेवटी कुणी मरत नाही, असं पुस्तक तिच्या मुलीनेच तिच्याकडे मागितलं होतं. त्यातलं नातं कुणा खलनायकामुळे तुटत नाही. सुट्टीत दोघं लांब असताना मुलीला दुसरा कुणी आवडू लागतो, बस्स. वाचताना मला मात्र कुठल्याही लढाईपेक्षा ते जास्त लागलं.

एक करून बघा. जुन्या मालिकेतलं लढाई नसलेलं एखादं प्रकरण काढा आणि नुसते संवाद वाचा. माझ्या एका लाडक्या लेखकावर मी हा प्रयोग केला, तर नायकापेक्षा त्याच्या घोड्याला जास्त स्वभाव निघाला! म्हणजे माझा जीव जडला होता तो राज्यावर, त्या जोडीवर नव्हे. त्याची राज्यं मी आजही वाचते. प्रेमकथा आली की वाट बदलते.

तुमची एक तक्रार मात्र यात बसत नाही. नायक नायिकेचा फोन तपासतो आणि पुस्तक त्याला काळजी म्हणतं. नायक चुकला तर चुकू दे की. पण ती चूक ना मैत्रिणीला खटकते, ना आईला, ना पुढे कधी तिला स्वतःला. म्हणजे ती लिहिणारीलाही खटकलेली नाही. इथे मी तिची बाजू घेणार नाही.

बाकी पुस्तक खुशाल अर्धवट सोडा. फक्त शेवटची दहा पानं चाळून एवढं सांगा, तो विमानतळावर धावत येतो का?