मणक्याला मार लागलेल्या माझ्या भावाला जगण्याची उमेद कशी द्यावी?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमचा भाऊ देवगडजवळ माडावरून पडला, कमरेखाली काही कळत नाही, चार महिने अंथरुणावर आहे आणि "आता जगून काय करू" एवढंच बोलतो. त्याला काय सांगावं, असं विचारलंत.

मी राजापूरकडचा. आंबे उतरवताना फांदी मोडून पडलो, कमरेचा मणका मोडला, पाय गेले. त्याला बरीच वर्षं झाली. माझं ऐकाल तर सध्या त्याला काही सांगूच नका. मला उभारी आली ती कोणाच्या बोलण्याने नाही. आधी लघवीचं वेळापत्रक बसलं, मग हाताला काम मिळालं.

चारचौघांत कपडे ओले होतील ही धास्ती असेपर्यंत माणूस पुढचा विचार करूच शकत नाही. दर चार ते सहा तासांनी स्वतःच नळी घालून लघवी काढायची पद्धत त्याला चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. ती जमली की मधल्या वेळात तो बाजारात, लग्नाला, देवळात जाऊ शकतो. दुसरं कातडीचं, एकाच जागी दाब राहिला की तिथे जखम होते. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलायची, खुर्चीत दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे वाकून किंवा हातांवर जोर देऊन बूड उचलायचं आणि रोज आरशात पाठ-बूड बघायचं. उन्हात तापलेल्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यावर त्याला कधी बसवू नका, भाजलेलं त्याला कळणार नाही. एक जखम झाली तर पुन्हा महिनोन्‌महिने पडून राहावं लागतं.

पहिल्या वर्षात काही जणांची थोडी ताकद परत येते, म्हणून व्यायाम सोडू नका. मात्र स्टेम सेलने, म्हणजे मूळ पेशी टोचून, चालायला लावतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागून बाग गहाण टाकू नका. मणक्याच्या दुखापतीवर तो उपचार अजून सिद्ध झालेला नाही.

आता कामाचं. आमच्या वाडीत एकाची रोपवाटिका आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी त्याला माणसं कमी पडली, तेव्हा तो रायवळची, म्हणजे गावठी आंब्याची, रुजलेली रोपं माझ्या पडवीत ठेवून गेला. कोय कलम, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावरचं कलम, बांधायचं तर पानं तांबूस आहेत तोवरच. शेंडा छाटायचा, दांडा मधोमध चिरायचा, हापूसच्या काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने आवळायची. सालीला साल भिडली पाहिजे. धडधाकट माणूसही हे बसूनच करतो. संध्याकाळी तो आला, दोन-चार कलमं हलवून बघितली आणि "पट्टी सैल आहे, परत बांध" म्हणून ओरडला. पडल्यापासून मला कोणी ओरडलंच नव्हतं, सगळे हळू आवाजात बोलायचे. त्या रात्री मला झोप लागली.

लोक येऊन मुरलीकांत पेटकरांचं नाव घेतील. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर लुळं पडलं, तरी १९७२ला हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्ण. मोठा माणूस, मला फार आदर आहे. पण आज तुमच्या भावाला ते नाव ओझंच वाटेल. त्यापेक्षा कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्याबद्दल सांगा. स्वतः व्हीलचेअरवर असून त्यांनी अपंगांसाठी संस्था उभी केली, आणि तुमच्याच सिंधुदुर्गात अपंग माणसांच्या हातांनी काजूवर प्रक्रिया सुरू केली. आपल्या आवारातलं काम आहे ते.

घरात उंबरठा काढा आणि उतार करा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. उतार नुसत्या चिऱ्याचा नको, पावसात शेवाळ धरतं आणि चाक घसरतं. सिमेंटवर आडव्या रेघा ओढून घ्या. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज आताच भरा, एसटीच्या सवलतीपासून ग्रामपंचायतीच्या दिव्यांग निधीपर्यंत सगळीकडे तेच मागतात.

आणि "जगून काय करू" हे बोलणं हलक्यात घेऊ नका. मरणाचंच बोलायला लागला तर त्याला एकटं ठेवू नका. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासात फोनवर आधार देणाऱ्या सेवेचा, सरकारी नंबर आहे, रात्रीही लागतो, तुम्ही स्वतःसाठीही लावा.

पडण्याआधी तो काय करायचा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माडावर चढणारा म्हणजे झाडांची जाण असणारच. होडीचं इंजिन, मोबाइल, हिशेब यातलं काही येतं का? कळवा, मग बसून काय करता येईल ते नीट लिहितो. कलमं शिकायची असतील तर येत्या पावसाळ्यात आमच्याकडे आणा, पडवीला उतार आहे.