पस्तिशीत पहिलं प्लिए

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की मी नोकरी सांभाळून बॅले, म्हणजे युरोपातला शास्त्रीय नाच, शिकतेय, 41व्या वर्षी सुरू केलं, आता 4 वर्षं झाली. तेवढ्यावरून धुळे, भुसावळ, अमळनेर, नंदुरबार कुठून कुठून पत्रं आली. म्हणजे आपल्या खान्देशात इतक्या जणांच्या मनात हे होतं तर! म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयावर.

प्रश्न: ताई नमस्कार. मी धुळ्याला राहते, वय 35, बँकेत आहे आणि ब्रँच शिरपूरला, म्हणजे रोजची एसटी, सकाळी आठला निघते ते घरी यायला साडेसात. दोन मुलं आहेत, सासूबाई आमच्याजवळच असतात. लहानपणी टीव्हीवर एकदा बॅले बघितला होता तेव्हापासून डोक्यात बसलंय. चार महिन्यांपासून दर रविवारी पुण्याच्या एका मॅडमचा ऑनलाइन क्लास करते. पण रविवारी जे जमतं ते पुढच्या रविवारपर्यंत पार निघून जातं, आणि मार्च एंडला तर सलग तीन रविवार बुडाले. परवा ओट्याला धरून करत होते तर सासूबाईंनी विचारलं, "हाई काय करी ऱ्हायनी व माय?" आणि मला काय सांगावं तेच सुचेना. या वयात हे खरंच येतं का, की मी उगाच वेळ घालवतेय?

उत्तर: येतं. आधी हे स्पष्ट सांगते आणि मग बाकीचं बोलू.

मोठ्या बॅले कंपनीत, म्हणजे व्यावसायिक नृत्यमंडळीत, नाचायचं तर आठ-दहा वर्षांचं असताना सुरू करून रोज कित्येक तास द्यावे लागतात, ते आता आपल्या वाट्याचं नाही. पण क्लासमध्ये जे शिकतात ते सगळ्यांना एकच असतं. पॅरिस ऑपेरातली मुख्य नर्तिकासुद्धा सकाळी बारला, म्हणजे त्या आधाराच्या दांड्याला, हात लावून उभी राहते आणि पहिलं काय करते तर प्लिए, गुडघे सावकाश वाकवायचे आणि सावकाश सरळ करायचे. तुम्ही ओट्याला धरून तेच करत होतात. मोठ्या माणसांसाठी कुठला वेगळा, सोपा केलेला बॅले नसतो हो, तोच असतो, फक्त आपण त्यात हळू चालतो.

आणि वयाचं म्हणाल तर रुक्मिणीदेवी अरुंडेल आठवा. त्यांचा जन्म 1904 चा. 1928 मध्ये त्यांनी प्रसिद्ध रशियन नर्तिका अ‍ॅना पाव्हलोवाचा बॅले पाहिला, मग पाव्हलोवाच्याच कंपनीतल्या क्लिओ नॉर्डीकडे बॅले शिकल्या, म्हणजे चोविशी उलटल्यावर. पुढे पाव्हलोवानंच त्यांना आपल्या देशातल्या नाचाकडे बघ म्हटलं आणि त्या भरतनाट्यमकडे वळल्या, पहिला जाहीर कार्यक्रम 1935 साली, 31व्या वर्षी, आणि लगेच 1936 मध्ये कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था उभी केली. मला हे वाचलं तेव्हा फार धीर आला होता. त्यांच्याएवढी कुवत आपल्यात आहे असं मी म्हणत नाही, पण मोठं झाल्यावर शरीर नवीन काही शिकतच नाही हे जे आपण धरून चालतो ते खरं नाही.

आता रविवारचं. आठवड्यातून एकदा दीड तास केलं तर शरीर विसरणारच, कारण बॅलेमध्ये डोक्याला कळणं आणि पायाला कळणं यात खूप अंतर आहे. रविवारचा क्लास राहू द्या, पण मध्ये तीन दिवस फक्त 15 मिनिटं द्या. तुमच्यासारख्या दिवसात तासभर काढायचा असं ठरवलंत तर एकही दिवस होणार नाही, 15 मिनिटं निघतात. मी कुकर लावला की सुरू करायचे आणि वरण-भाताची वाफ जिरेपर्यंत माझं झालेलं असायचं. आधी दोन-तीन मिनिटं जागच्या जागी चालायचं, घोटे फिरवायचे, पाय गरम झाले पाहिजेत. मग ओट्याकडे तोंड करून दोन्ही हातांचे तळवे नुसते टेकवायचे, भार टाकायचा नाही, आणि 8 प्लिए, टाच जमिनीवरून न उचलता, पाठ सरळ, जणू भिंतीला पाठ लावून खाली सरकतोय तशी. मग तांद्यू. हे नीट समजून घ्या कारण सगळा बॅले यात आहे. एक पाय जमिनीवरून घासत पुढे न्यायचा, आधी टाच उचलते, मग चवडा, शेवटी फक्त बोटांची टोकं जमिनीला राहतात, आणि परत येताना उलट्या क्रमानं बोटं, चवडा, टाच. आपण आयुष्यभर पाय नुसता उचलून ठेवलेला असतो, त्यामुळे चवडा वेगळा आणि बोटं वेगळी हे पायाला माहीतच नसतं. पुढे, बाजूला, मागे, प्रत्येकी 8, दोन्ही पायांनी. शेवटी रलव्हे, म्हणजे चवड्यावर उंच व्हायचं आणि उतरताना घाई करायची नाही, 10 वेळा. झालं. एवढंच करा तीन महिने. माझ्या बाबतीत दुसऱ्या महिन्यात एक दिवस अचानक तांद्यू करताना तळव्याखालची फरशी जाणवायला लागली आणि मी तिथेच थांबून परत परत तेच करत बसले, वरण गार झालं तरी.

संगीत काय लावू असं पुष्कळ जणी विचारतात. मोबाइलवर पियानोचे बॅले क्लासचे तुकडे मिळतात पण त्याशिवायही चालतं. प्लिए बहुतेक वेळा तीनच्या मात्रेत असतं, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, म्हणजे आपला दादराच की. आणि इथेच मला वाटतं तुमच्या सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्यांना सांगा पायाचा रियाज करतेय, आणि त्यांना मात्रा मोजायला बसवा. ज्यांनी लहानपणी भुलाबाईची गाणी टाळ्यांवर म्हटलीयेत त्यांना ठेका शिकवावा लागत नाही. माझ्या आईनं महिनाभर "हे काय नवीन" म्हटलं आणि मग एक दिवस स्वयंपाकघरातून स्वतःच ओरडली, "आज डावा पाय कमी झाला गं!"

बँकेत दिवसभर बसून मांडीच्या वरचा, पोटाजवळचा भाग आखडतो आणि मग पाय मागे जातच नाही. तासाभरानं दोन मिनिटं उभं राहत जा. एसटीत बसल्या बसल्या चपलेतून पाय काढून पंजा लांब करा, परत ओढा, कोणाला दिसतही नाही. आणि मार्च एंडला बुडालं तर बुडालं, दरवर्षी बुडणारच, ते धरूनच चाला. फक्त परत आल्यावर पहिले दोन क्लास उड्या करू नका, नुसतं बारचं काम करा, कारण मन तीन आठवड्यांपूर्वीचं असतं आणि पोटऱ्या आजच्या असतात.

प्रश्न: मी भुसावळला रेल्वेत आहे, 43 वर्षांचा, शिफ्ट ड्युटी. मुलीसोबत व्हिडिओ बघता बघता मलाच करावंसं वाटायला लागलं. पण बॅले बायकांचा ना? कॉलनीत कळलं तर काय म्हणतील असं वाटतं. आणि नाइट ड्युटी करून कधी करायचं?

उत्तर: भाऊ, बॅले बायकांचा हा समज फार नंतरचा आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई स्वतः बॅलेत नाचायचा, 1661 मध्ये त्यानं नृत्याची अकादमी काढली, आणि पायाच्या ज्या पाच पोझिशन आज जगभर शिकवतात त्या बांधणारा पिएर बोशां हाही पुरुष, राजाचा नृत्यशिक्षक. पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर व्यावसायिक नर्तिका पहिल्यांदा आल्या त्या 1681 मध्ये, त्याआधी तिथे बायकांच्या भूमिकासुद्धा पुरुषच करायचे, आपल्या नाटक मंडळ्यांत व्हायचं तसंच. क्लासमध्ये प्लिए, तांद्यू सगळ्यांना सारखंच, पुढे पुरुषांना मोठ्या उड्या आणि गिरक्या जास्त शिकवतात.

कॉलनीला सांगायची तुम्हाला काही गरज नाही, पण मुलीला सांगा. दोघं मिळून करा, हे मी अगदी मनापासून म्हणतेय. बापाला आपल्यासारखंच चुकताना आणि परत करताना बघणं हे त्या पोरीजवळ कायम राहील.

नाइट करून आल्यावर लगेच करू नका. शरीर थकलेलं असतं, तोल जातो आणि घोटा मुरगळतो. झोपून उठल्यावर, खाऊन दोन तास झाल्यावर करा. शिफ्टवाल्यांनी "रोज सात वाजता" असं ठरवूच नये, "उठल्यानंतर दोन तासांनी" असं ठरवावं, मग ड्युटी कुठलीही असो. बसलेल्यापेक्षा उभं काम जास्त असेल तर पोटऱ्या आधीच भरलेल्या असतात, तेव्हा त्या दिवशी रलव्हे कमी आणि हातांचं काम जास्त करा, त्याला पोर द ब्रा म्हणतात. दिसायला सोपं दिसतं पण खांदे खाली ठेवून हात नुसते गोल धरून एक मिनिट उभं राहून बघा.

प्रश्न: जळगावची शिक्षिका आहे, 39. सहा महिन्यांपासून व्हिडिओ बघून एकटीच करतेय. पहिल्या पोझिशनमध्ये (टाचा जुळलेल्या, पंजे बाहेर) पाय अगदी सरळ एका रेषेत यायला हवेत म्हणून रोज जोर लावते, आता गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतं. सवय झाली की थांबेल का?

उत्तर: नाही थांबणार, वाढेल. आजच जोर लावणं बंद करा.

पाय बाहेर वळतो तो खुब्यातून. मांडीचं हाड खुब्याच्या खोबणीत जेवढं फिरतं तेवढाच तुमचा टर्नआउट, आणि ती खोबण प्रत्येकाची वेगळी असते, हाडाचा आकार रियाजानं बदलत नाही. तुम्ही काय करताय तर पावलं जमिनीला चिकटवून बाहेर ढकलताय, वरची मांडी तिथेच राहतेय आणि मधला गुडघा पिळला जातोय. तपासायचं कसं तर प्लिए करा आणि खाली बघा, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आहे का. तो आत, अंगठ्याकडे पडत असेल तर पंजे जवळ आणा, पावलं अगदी थोडीशी उघडी राहिली तरी चालेल. भरतनाट्यम केलेल्या कुणाला विचारा, अरमंडीमध्येही, म्हणजे त्यातल्या गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसण्यात, हेच सांगतात. दुखणं थांबेपर्यंत फक्त पावलं समांतर ठेवून करा, आणि सूज असेल किंवा जिना उतरताना दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, तोपर्यंत बंद.

आणि बाई, तुम्ही स्वतः शिक्षिका आहात, तुम्हाला मी काय सांगू, पण व्हिडिओ तुमच्याकडे बघत नाही. महिन्यातून एक-दोनदा का होईना, बघणारा माणूस हवा. ऑनलाइन असेल तरी चालेल, फक्त मोबाइल लांब आणि खाली ठेवा म्हणजे कमरेपासून पावलांपर्यंत दिसेल, बहुतेक जणी चेहरा दाखवतात आणि पाय फ्रेमच्या बाहेर असतात. सुट्टीत पुण्या-मुंबईला जाणं झालं तर एखादा क्लास प्रत्यक्ष करा. एकदा शिक्षिकेनं तुमचा खुबा हातानं धरून फिरवून दाखवला ना की सहा महिन्यांचं कोडं सुटतं, माझं तसंच सुटलं.

प्रश्न: ते सॅटिनचे पुढून कडक असलेले शूज घ्यायचेत, ऑनलाइन मिळतायत. वय 28, चार महिने झाले. नंबर कोणता मागवू? (अमळनेर)

उत्तर: कुठलाच मागवू नका. ते पॉइंट शूज. पुढचा कडक भाग कापड, कागद आणि खळीचे थर देऊन बनवलेला असतो आणि सगळं वजन बोटांच्या टोकांवर येतं. घोटे, तळवे, पोट हे सगळं तयार व्हायला नियमित क्लास करूनही साधारण दोन-तीन वर्षं जातात, आणि तेव्हाही शिक्षिकेनं पाय बघून हो म्हटलं तरच, तेही मापानं बसवून. मला 4 वर्षं झाली, मी अजून घातलेले नाहीत आणि माझं बॅले त्यामुळे कुठे अडलेलं नाही. तुम्ही साधे कॅनव्हासचे मऊ स्लिपर्स घ्या, स्वस्त असतात, धुता येतात, आणि पायाला मोज्यासारखे घट्ट बसले पाहिजेत, वाढता नंबर घेऊ नका.

प्रश्न: घरात शहाबादी फरशी आहे, त्यावर केलं तर चालतं का? चटई टाकू का? आणि मे महिन्यात काय करायचं? (नंदुरबार)

उत्तर: बारचं काम फरशीवर चालतं, उड्या नाही. बॅलेच्या हॉलमध्ये लाकडी जमीन असते, खालून थोडी दबणारी, ती धक्का घेते, फरशी काही घेत नाही, सगळा धक्का नडगीला आणि गुडघ्याला जातो. आपल्या जळगावची प्लास्टिकची चटई टाकू नका, सरकते. योगा मॅटही नको, तिच्यावर पाय चिकटतो आणि वळताना गुडघा मागे राहतो. फरशी कोरडी पुसून घ्या, तेलाचा थेंब राहिला नाही ना बघा, आणि स्लिपर्स घालून करा. उड्या शिकायच्या असतील तर गावातल्या एखाद्या शाळेचं लाकडी स्टेज रविवारी तासभर मागून बघा.

मे महिन्यात पहाटे साडेपाच. पारा 44-45 ला गेला की संध्याकाळी सातलासुद्धा भिंती तापलेल्या असतात, तेव्हा करायचं नाही. चिमूटभर मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी शेजारी ठेवा, पोटरीत गोळा आला तर तिथेच थांबा, पाय लांब करून पंजा स्वतःकडे ओढा आणि त्या दिवशी बाकीचं खुर्चीत बसून हातांचं करा.