काल माळा आवरला, आज मूठ वळत नाही

माझं समुपदेशन केंद्र नौपाड्यात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण या केसमधली पहिली चूक त्या जिन्यावर झाली आणि ती माझी होती.

मधुरा (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) पहिल्या तीन भेटींना वीस-पंचवीस मिनिटं उशिरा आली. वय ३९. नोकरी ऐरोलीला, घर घोडबंदर रोडला कासारवडवलीत. नवरा, सासूबाई, नऊ वर्षांचा मुलगा. सहा वर्षांपासून आमवात, म्हणजे म्हातारपणी सांधे झिजतात तो संधिवात नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या सांध्यांवर उलटते. चौथ्या भेटीच्या दिवशी आमचे वॉचमन सहज म्हणाले, "त्या ताई वेळेवरच येतात हो. पहिल्या मजल्यावर पायरीवर बसून असतात." गुडघे सुजलेले असायचे, म्हणून एक मजला चढून टेकायची, मग उरलेला चढायची. मला याबद्दल चकार शब्द नाही. आणि मी फाईलमध्ये लिहून ठेवलं होतं, 'वेळेबाबत बेफिकीर.'

तिचा प्रश्न तिने पहिल्याच दिवशी विचारला होता. "मॅडम, मी आजारी आहे की आळशी, एकदाच काय ते सांगा." हा प्रश्न मला तिशी-चाळिशीतली माणसं सारखी विचारतात. कुणी म्हणतं, मी निमित्तं शोधतोय का? कुणी म्हणतं, आहे ते दुखणं पुरे, या वयात मेंदूच्या वेगळेपणाचं आणखी एक लेबल कशाला?

मधुरापर्यंत ते लेबल मुलाच्या वाटेने आलं. शाळेतून तक्रारी, मग तपासणी, मग एडीएचडीचं निदान, म्हणजे लक्ष हवं तिथे टिकवणं, वेळ आणि वस्तू सांभाळणं जन्मापासूनच जड जाणारी मेंदूची ठेवण. पालकांनी भरायची प्रश्नावली लिहिता लिहिता ती थांबली. "हे मी त्याचं लिहितेय की माझं, तेच कळेना." असं पुष्कळदा होतं. एडीएचडी घराण्यात उतरतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के धरला जातो. सासूबाईंनी मात्र ऐकल्या ऐकल्या कोटी केली, "पूर्वी म्हणायचे याला ठाण्याला पाठवा. आपण तर आधीपासून इथेच आहोत!" १९०१ पासून ठाण्यात मनोरुग्णालय आहे आणि तेव्हापासून गावाला चिकटलेला हा विनोद आम्ही ठाणेकर निमूट गिळतो. मधुराही हसली होती. घरी जाऊन रात्रभर झोपली नाही, हे तिने दोन महिन्यांनी सांगितलं.

निदान मी करत नाही. ते मानसोपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं काम. मोठेपणी एडीएचडी ठरवताना काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी होती का, हे पाहावंच लागतं, म्हणून तिच्या आईला विचारलं. आई ट्रंकेतून प्रगतिपुस्तकं घेऊन आल्या, पहिली ते सातवी, खाकी कव्हरं घातलेली. 'हुशार आहे, पण लक्ष नसते.' 'पट्टी, पेन्सिल रोज हरवते.' 'अक्षर सुधारावे.' आणि दुसरीच्या बाईंचा शेरा, 'मधल्या सुट्टीत एकटीच बसते. बाक बदलल्यास फार रडते.' हा शेवटचा वाचून डॉक्टरांनी आणखी एक तपासणी सुचवली. एडीएचडीबरोबर ऑटिझमही निघाला, म्हणजे माणसांत मिसळणं, बदल, आवाज-उजेड हे सगळं वेगळ्या तऱ्हेने अनुभवणारी मेंदूची ठेवण. दोन्ही एकत्र असू शकतात, हे अमेरिकेच्या निदान-नियमावलीने २०१३ साली मान्य केलं. त्याआधी एकाचं निदान झालं की दुसऱ्याला जागाच नसायची. मधुरा शाळेत होती तेव्हा तर तिच्यासारख्या, पहिल्या पाचांत येणाऱ्या मुलीबाबत हा विचारही कुणी केला नसता.

ऑटिझमला मराठीत 'स्वमग्नता' म्हणतात. मला तो शब्द खटकतो. सासूबाईंच्या माहेरच्या बावीस माणसांचे वाढदिवस ज्या बाईला पाठ आहेत, तिला कसली स्वमग्न म्हणायचं? तिला सहन होत नाही तो घोडबंदरवरच्या मेट्रोच्या कामाचा ठणठणाट, हळदीकुंकवाला एकाच वेळी बोलणाऱ्या वीस बायका आणि माझ्या खोलीतली गुणगुणणारी ट्यूबलाइट. ती सारखी वर का बघते, नजर का टाळते, असा प्रश्न मला पडला होता. मी ट्यूब बंद करून टेबललॅम्प लावला, त्या दिवशी ती पहिल्यांदा सलग पाऊण तास बोलली.

आता घरातलं भांडण. ते ऐकल्याशिवाय तिचा प्रश्न समजणार नाही. एका रविवारी सकाळी सांधे जरा मोकळे वाटले. मधुरा माळ्यावर चढली ती दुपारी चारपर्यंत उतरली नाही. डबे, जुनी पातेली, गणपतीचं मखर, सगळं लख्ख. जेवण नाही, पाणी नाही. सोमवारी तिची मूठ वळेना. मंगळवारी रजा. नवरा वाईट माणूस नाही, पण थकून बोलला, "काल माळा आवरलास आणि आज कप उचलवत नाही?" त्याच्या डोळ्यांसमोर दोन्ही घडलं होतं, म्हणजे त्याच्या हिशेबात एक खोटं असणार.

मी दोघांना समोर बसवून ते एकाखाली एक मांडून दाखवलं. एडीएचडीत मन एकदा कामात घुसलं की बाहेर पडत नाही. ऑटिझममुळे अर्धवट कामाची टोचणी सहन होत नाही, शिवाय भूक, तहान, दुखणं हे शरीरातले निरोप तिच्यापर्यंत उशिरा पोचतात. आणि आमवात या सगळ्याची वसुली दुसऱ्या दिवशी करतो. रविवार खरा होता, सोमवारही खरा होता. नवऱ्याने विचारलं, "मग तिला थांबवायचं कसं?" टायमर लावून पाहिला होता, ती तो न बघताच बंद करते. मग आम्ही वेळेऐवजी वस्तू धरली. एक बादली पाणी संपलं की काम संपलं. एक फळी, दुसरी नाही. चिडचिड होते तिची, अजूनही होते. पण रिकामी बादली समोर दिसते, वाजून गेलेला गजर दिसत नाही.

यात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते तिच्या गोळ्यांनी. आमवातावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणजे वर्षानुवर्षं चालणाऱ्या दुखण्याला नेमकं तेच लागतं, जे एडीएचडीवाल्याकडे कमी असतं: ठरलेला वार, ठरलेली वेळ, घेतल्याची आठवण. एका भेटीत ती म्हणाली, "रविवारी घेतली की नाही आठवेना, म्हणून सोमवारी घेतली." मी बोलणं तिथेच थांबवून तिला तिच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं. त्यांनी रक्ततपासण्या करून घेतल्या, सगळं ठीक निघालं. पण 'जरा लक्ष ठेव' हे तिला नऊशे वेळा सांगून झालेलं होतं. मी नऊशे एकावी होणार नव्हते.

तोडगा तिच्याच डोक्यातून आला. कालनिर्णयच्या पानावर प्रत्येक रविवारच्या चौकोनात स्ट्रिपचा कात्रीने कापलेला तुकडा चिकटपट्टीने लावायचा, गोळी पाकिटातून न काढता. तुकडा आहे म्हणजे घेतलेली नाही. नाही म्हणजे घेतली. घरात लहान मूल, म्हणून कालनिर्णय वरच्या कपाटाच्या दाराला आतून लावलं. आठवायचं काही उरलंच नाही.

दुसरी अडचण डॉक्टरांच्या केबिनमध्ये होती. "सकाळी सांधे किती वेळ आखडलेले असतात?" हा आमवातात महत्त्वाचा प्रश्न, औषध कमी-जास्त करायचं ते बरंचसं त्यावर. मधुराला वेळेचा अंदाजच नाही. ती म्हणायची, "थोडा वेळ." "दहापैकी किती दुखतं?" यावर ती प्रामाणिकपणे "माहीत नाही" म्हणायची, तेही चेहऱ्यावरची रेषा न हलवता. समोरच्याने काय समजावं? आम्ही मिनिटांऐवजी घरातल्या खुणा घेतल्या. दूधवाला येतो सहाला. मुलाची स्कूल बस सात-दहाला. या दोहोंत मूठ कधी वळली? टूथपेस्ट दाबता आली का? कुकरचं झाकण कुणी उघडलं? पंधरा दिवसांच्या अशा नोंदी एका कागदावर घेऊन ती गेली. डॉक्टरांनी तो वाचून औषध बदललं. गेल्या वर्षभरात तिचं दुखणं त्यांना पहिल्यांदाच दिसलं होतं.

एडीएचडीच्या गोळीचा प्रश्न वेगळा होता. काही औषधांनी नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना आमवाताची सगळी औषधं दाखवा आणि आमवाताच्या डॉक्टरांना ही नवी, असं मी बजावलं. एका डॉक्टरचं दुसऱ्यापासून झाकून ठेवायची आपल्याकडे वाईट सवय आहे. शिवाय मिथाइलफेनिडेट हे औषध कडक नियंत्रणातलं, कोपऱ्यावरच्या प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, चिठ्ठीची एक प्रत दुकानदार ठेवून घेतो. विसरभोळ्या माणसाला औषध मिळवायला विसरून न चालणारी इतकी कामं करावी लागतात, यावर मधुरा मनापासून हसली. चिठ्ठीचं काम नवऱ्याने अंगावर घेतलं.

तिने प्रमाणपत्राबद्दलही विचारलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडीचं नाव स्वतंत्रपणे नाही. काढायचं की नाही, तिने अजून ठरवलेलं नाही. मीही घाई केली नाही. ऑफिसात तिने निदान न सांगता पँट्रीपासून लांबची जागा तेवढी मागून घेतली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एकाच डोक्यात ऑटिझमला रोज तेच ताट, तोच रस्ता हवा असतो आणि एडीएचडीला तिसऱ्या दिवशी त्याचा वीट येतो. बादलीचा नियम दिवाळीत मोडला, चार दिवस अंथरूण धरलं. त्या वेळी नवरा बोलला नाही. सासूबाई बोलल्या, पण कुकरचं झाकण आता त्या सैल करून ठेवतात. त्याबद्दल घरात कुणी काही म्हणत नाही.

आता एक भेट फोनवर, एक समोर, तीही तळमजल्यावरच्या वकिलांच्या ऑफिसात, ते कोर्टात असतात तेव्हा. 'आजारी की आळशी' हे तिने पुन्हा विचारलेलं नाही.

सुरुवातीला मी तिला एक डायरी दिली होती, तासातासाच्या रकान्यांची, छान पुठ्ठ्याची. तीन वेळा 'भरून आणा' म्हणून सांगितलं होतं आणि तीनदा मनातल्या मनात तिच्यावर वैतागले होते. गेल्या महिन्यात तिने ती पर्समधून काढून माझ्या टेबलावर ठेवली. "कोरीच आहे मॅडम, दुसऱ्या कुणाला द्या." मी ती ड्रॉवरमध्ये टाकली. अजून कुणाला दिलेली नाही.