सेकंडरी किती मिलिमीटरची घेऊ?

प्रश्न : नमस्कार ताई, मी वाईजवळच्या एका गावात शाळेत विज्ञान शिकवतो. यंदाच्या पावसाळ्यात दुर्बिणीचा ८ इंची आरसा घासून पुरा केला, पॉलिश झालं, फिगरिंग (पृष्ठभागाच्या वक्रतेची शेवटची दुरुस्ती) झालं, कोटिंगही करून आणलं. फोकल लेंग्थ (आरशापासून प्रतिमा पडते तिथपर्यंतचं अंतर) १२०० मिमी धरून चाललोय. प्लायवूडचा चौकोनी डबा करणार आहे, आतून २४० मिमी. सव्वा इंची रॅक-पिनियन फोकसर (आयपीस म्हणजे डोळ्याकडचं भिंग धरून आत-बाहेर होणारी नळी) हातात आलाय. गाडी अडलीय ती सेकंडरीवर, म्हणजे प्रकाश बाजूला वळवणाऱ्या छोट्या सपाट आरशावर. विकणारे म्हणतात डोळे मिटून ५० मिमी घ्या, आमच्या ग्रुपमधले एक काका म्हणतात मोठी सेकंडरी म्हणजे दुर्बिणीला मोतीबिंदू, ३५ च्या वर जाऊच नका. मला मुख्यतः गुरू-शनी बघायचेत आणि शाळेतल्या मुलांना चंद्र दाखवायचाय. कोणाचं ऐकू?

उत्तर : सर, आधी अभिनंदन. पावसाळाभर एका काचेभोवती गोल गोल फिरत राहणं काय असतं हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. आणि म्हणूनच सांगते, आत्ता दोघांचंही ऐकू नका, टेप हातात घ्या. सेकंडरीचा आकार नुसत्या आरशाच्या व्यासावरून ठरत नाही, त्यात तुमचा डबा आणि तुमचा फोकसरही येतो, त्यामुळे ८ इंचीला अमुक आणि ६ इंचीला तमुक असा तयार तक्ता कोणी दिला तर तो त्यांच्या डब्याचा तक्ता असतो, तुमच्या नाही.

मोठ्या आरशावरून परत फिरलेला प्रकाश शंकूसारखा निमुळता होत होत फोकसला एका बिंदूत येतो. सेकंडरी हा शंकू वाटेत अडवून बाजूला वळवते. अडवायची जागा फोकसपासून जितकी लांब तितका शंकू तिथे जाड, आणि तितकी सेकंडरी मोठी लागणार. म्हणजे सगळा खेळ एका अंतराचा, सेकंडरीच्या मध्यापासून फोकसपर्यंतचं अंतर.

माझ्या पहिल्या दुर्बिणीत मी हेच अंतर मोजलं नव्हतं. १५० मिमीचा एफ/८ (फोकल लेंग्थ व्यासाच्या आठपट) आरसा होता, फोकल लेंग्थ १२०० च, आणि कुणीतरी सांगितलं की ग्रहांसाठी सेकंडरी बारीक पाहिजे म्हणून मी हौसेने २५ मिमीची आणली. फोकसर मात्र उंच होता, पाइपाच्या फिटिंगचा घरी केलेला, आणि सेकंडरी ते फोकस अंतर भरलं २४० मिमी. आता हिशोब करा, २५ गुणिले १२०० भागिले २४०, उत्तर १२५. म्हणजे माझ्या १५० मिमी आरशातला फक्त मधला १२५ मिमी काम करत होता, कडेच्या कड्याचा जवळजवळ ३१ टक्के प्रकाश सेकंडरीच्या बाहेरून निघून जात होता. ज्या कडेसाठी मी रात्र रात्र जागून फिगरिंग केलं होतं तीच कड! आणि वर्षभर मला कळलंच नाही, कारण चित्र सुंदर दिसत होतं, फक्त ते ५ इंची दुर्बिणीचं चित्र होतं. हे आठवलं की आजही वाईट वाटतं, तुमच्या बाबतीत तसं होऊ नये.

आता तुमचा डबा घेऊ. आतून २४०, त्याचं अर्धं १२०. प्लाय १२ मिमीचा असेल असं धरते. फोकसर पूर्ण आत घेतल्यावर त्याची उंची ५० धरू, तुमचा प्रत्यक्ष मोजा. आणि फोकस त्याच्याही १८ मिमी वर ठेवा, म्हणजे कुठलाही आयपीस लावला तरी फोकसर आत-बाहेर करायला जागा राहते. बेरीज बरोबर २००. हे तुमचं अंतर.

नुसता मध्याचा एक बिंदू पूर्ण आरशाने उजळायचा तर अंतर २०० गुणिले आरशाचा व्यास (८ इंच म्हणजे साधारण २००) भागिले फोकल लेंग्थ १२००, म्हणजे ३३.३ मिमी लागतात. हा अगदी किमान आकडा, याच्या खाली गेलात तर माझ्यासारखं आरसा छोटा करून घेतलात. पण एका बिंदूने कोणाचं भागतं? मुलांना चंद्र दाखवायचाय ना, मग चंद्रच माप धरा. १२०० मिमी फोकल लेंग्थला चंद्राची प्रतिमा साधारण ११ मिमी व्यासाची पडते. हे ११ मिमीचं वर्तुळ पूर्ण उजळलेलं हवं असेल तर हिशोब असा : व्यासाच्या २०० मधून ११ वजा करा, राहिले १८९, त्याला अंतराने म्हणजे २०० ने गुणा, १२०० ने भागा, ३१.५ आले, त्यात ते ११ परत मिळवा, ४२.५. यात वर दोन-अडीच मिमी वाढवा, कारण सेकंडरीची कड घासून बोथट केलेली असते, अगदी कडेला पृष्ठभागही बऱ्याचदा ढळलेला असतो, आणि होल्डरची पट्टी पुढून थोडी काच खाते. झाले ४५. मिळाली तर ४५ घ्या, इंचात मोजणाऱ्यांकडे १.८३ इंची असते, ती साडेशेहेचाळीस मिमी भरते, तीही चालेल.

काकांची ३५ मिमी का नको? गणिताने ती चुकीची नाही हे मान्य, तिच्यात सुमारे २ मिमीचं वर्तुळ पूर्ण उजळतं, आकाशात ते सहा-एक कलांचं (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) होतं आणि गुरू त्यात आरामात मावतो. पण तुमची दुर्बीण डॉब्सनियन असणार, म्हणजे साध्या लाकडी बैठकीवर हाताने फिरवायची, मोटर नाही, आकाश मिनिटाला साधारण १५ कला सरकतं, मध्यावर आणलेला गुरू दहा-बारा सेकंदांत त्या वर्तुळाबाहेर. बाहेर गेला म्हणून लगेच अंधार होत नाही, उजेड हळूहळू उतरतो, पण सेकंडरी बसवताना दोन मिमीची चूक झाली (आणि प्लायच्या डब्यात होतेच) की आरशाची एक कड कायमची कापली जाते. ३५ मध्ये चुकीला जागाच नाही.

आणि ५० मिमी? तिच्यात २० मिमीचं वर्तुळ उजळतं, जवळजवळ एक अंश. कृत्तिकांसारखे पसरलेले तारकागुच्छ मोठ्या आयपीसमधून बघायची आवड असेल तर छानच. घाबरण्यासारखं तिच्यातही काही नाही.

मोतीबिंदूचं म्हणाल तर त्या भीतीत तथ्य आहे, पण प्रमाण बघा. ८ इंचीत ५० मिमी म्हणजे व्यासाच्या २५ टक्के, पण क्षेत्रफळाच्या सव्वासहाच टक्के, प्रकाशात ०.०७ प्रतीची (प्रत म्हणजे ताऱ्यांच्या तेजाचं माप) घट, डोळ्याला कळणारही नाही. खरा परिणाम कॉन्ट्रास्टवर होतो. ताऱ्याचा जो बारीक ठिपका दिसतो त्यात अडथळा नसताना ८४ टक्के प्रकाश असतो, बाकीचा भोवतीच्या कड्यांत. व्यासाच्या २० टक्के अडथळ्याला ठिपक्यात ७६ टक्के उरतात, २५ ला ७३, आणि ३३ ला ६५. म्हणजे विसावरून पंचविसावर जाताना तीन टक्के गेले, पण तेहतिसावर गेलात की गुरूच्या पट्ट्यांतले बारीक गाठी-धागे पुसट व्हायला लागतात. म्हणून ग्रहांसाठी माझं मत २५ टक्क्यांच्या आत राहा, आणि आत राहिल्यावर एकेका मिमीसाठी जीव काढू नका. कोलिमेशन (दोन्ही आरसे एका रेषेत जुळवणं) नीट नसेल किंवा आरसा थंड व्हायच्या आत बघायला बसलात तर त्याने चित्र यापेक्षा कितीतरी जास्त बिघडतं. काकांनाही बोलवा आणि मुलांसमोर एक प्रयोग करा : काळ्या कार्डशीटच्या ५०, ६० आणि ७० मिमीच्या गोल चकत्या कापा, सेकंडरीच्या आकाशाकडच्या बाजूला एकेक हलकेच चिकटवा आणि प्रत्येक वेळी गुरू बघा. ७० ला फरक स्पष्ट दिसेल, ५० ला दिसला तर मला जरूर कळवा.

भोक पाडायच्या आधी एक काम मात्र कराच. १२०० "धरून चाललोय" म्हणालात, ते धरू नका, मोजा. हाताने घासलेला आरसा ११६० निघू शकतो, १२३० पण निघू शकतो. पौर्णिमेच्या आसपास आरसा चंद्राकडे करून ठेवा, बटर पेपरच्या छोट्या तुकड्यावर चंद्र स्वच्छ येईल तिथपर्यंतचं अंतर घ्या. (सूर्यावर हे कधीही करायचं नाही, कागद पेट घेतो आणि डोळे जातात.) ११६० निघाले तर सेकंडरीच्या मापात एक मिमीचा फरक पडेल, पण फोकसरच्या भोकाची जागा ४ सेंमी सरकेल. बरोबर १२०० असेल तर भोकाचा मध्य आरशाच्या पृष्ठभागापासून १००० मिमीवर.

ऑर्डर देताना "मायनर ॲक्सिस ४५" असं स्पष्ट सांगा. सेकंडरी लंबगोल असते, लांब बाजू आखूड बाजूच्या १.४१ पट, आणि माप आखूड बाजूचं बोलायचं असतं. बसवताना ती अगदी मध्यावर नाही, फोकसरपासून थोडी लांब आणि मोठ्या आरशाकडे थोडी सरकवायची. किती, तर मायनर ॲक्सिस भागिले एफ-नंबरची (तुमचा ६) चौपट, ४५ भागिले २४, दोन मिमीला किंचित कमी. शेवटी फोकसर १८ मिमी बाहेर काढा, त्याच्या तोंडावर झाकण लावा, झाकणाला मध्यात दोन मिमीचं भोक आणि मध्यापासून साडेपाच मिमीवर दुसरं. मधल्या भोकातून मोठ्या आरशाची गोल कड सगळ्या बाजूंनी दिसली पाहिजे, आणि दुसऱ्या भोकातूनही दिसली, झाकण फिरवून चारी दिशांना दिसली, तर तुमचा चंद्र पूर्ण उजळलेला आहे.

प्रश्न : भंगारात झेरॉक्स मशीनचे आरसे स्वस्तात मिळतात. त्यातला तुकडा कापून सेकंडरी केली तर? किंवा साधा कपाटाचा आरसा? (एक कॉलेज विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : कपाटाचा आरसा नको गं. त्याचा मुलामा काचेच्या मागे असतो, पुढच्या पृष्ठभागावरूनही चार-पाच टक्के प्रकाश परततो आणि प्रत्येक ताऱ्याशेजारी एक फिकट जुळा भाऊ उभा राहतो. न्यूटनने १६६८ मध्ये पहिली परावर्तक दुर्बीण केली तेव्हा त्याला ही अडचण नव्हती, त्याचे आरसे धातूचे होते, परावर्तन थेट पुढूनच. झेरॉक्सच्या आरशाला मुलामा पुढे असतो ही जमेची बाजू. पण सेकंडरीचा पृष्ठभाग सपाट असायला हवा तो प्रकाशाच्या पाव तरंगलांबीइतका, म्हणजे मिलिमीटरच्या सात हजाराव्या भागाच्या आसपास, आणि कागदाची कॉपी काढायला एवढी सपाटी लागत नाही. शिवाय ती काच पातळ, सगळ्या पाठीला गोंद लावला तर वाळताना वाकते. ३०-४० पटीला चंद्र बघायला तात्पुरती लाव, अनुभव मिळेल, चिकटवताना सिलिकॉनचे फक्त तीन ठिपके दे. पण दीडशे पटीला शनी बघशील तेव्हा कितीही फोकस केलंस तरी तो धारदार होणार नाही आणि तुला वाटेल आपला मोठा आरसाच वाईट झालाय. चांगल्या आरशावर असा संशय घेऊन तो परत घासायला काढलेले लोक मी पाहिलेत, त्यामुळे पैसे साठव आणि खरी सेकंडरी घे.

प्रश्न : ८ इंची एफ/६ वर डीएसएलआर लावायचा तर सेकंडरी किती वाढवावी? (नाशिक)

उत्तर : कॅमेऱ्याचा सेन्सर ॲडॅप्टरच्या तोंडापासून ५५ मिमीच्या आसपास आत असतो, म्हणून फोकस फोकसरच्या १८ मिमी वर ठेवून भागत नाही, ५५ वर आणावा लागतो. वरच्या सरांच्याच डब्यात केलं तर अंतर २०० चं जवळजवळ २४० होतं, किमान सेकंडरी ३३ ची ४० होते. एपीएस-सी (बऱ्याच डीएसएलआरमध्ये असतो त्या मापाच्या) सेन्सरचा कर्ण २७ मिमी, तो पूर्ण उजळायचा तर साडेएकसष्ट मिमी लागतील, म्हणजे ३१ टक्के. मी एवढं करणार नाही. ५२ च्या आसपास घ्या, मधले १५ मिमी पूर्ण उजळतात, कोपऱ्यांतला हलका अंधार फ्लॅट फ्रेमने (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फोटोने केलेल्या दुरुस्तीने) निघतो. डोळ्याने बघायचं असेल तेव्हा आयपीस फोकसपर्यंत बाहेर आणायला एक्स्टेन्शन ट्यूब (जोडनळी) लावायची.

प्रश्न : मी पुण्यात गच्चीवरून दिवसा सिंहगडाचा टॉवर बघितला तर चित्राच्या मधोमध काळा डाग तरंगतो. ६ इंची एफ/५, सेकंडरी ४७ मिमी, आयपीस ३२ मिमी. सेकंडरी बदलू का?

उत्तर : बदलू नका. ३२ भागिले ५, तुमच्या आयपीसमधून ६.४ मिमी जाडीचा झोत बाहेर येतो आणि त्यात सेकंडरीची सावली २ मिमीची. दिवसा उजेडात आपली बाहुली दोन-तीन मिमीच उघडी असते, ती सावली तिला जवळजवळ झाकून टाकते. १० मिमीचा आयपीस लावून तोच टॉवर बघा, झोत २ मिमीचा होईल, सावली अर्ध्या मिमीच्या जरा वर, आणि डाग जाईल. रात्री बाहुली मोठी झाली की ३२ मध्येही दिसणार नाही.