चित्रं काढून काय होणार?

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची, नाशिकला असते. गाझातल्या मुलांचे फोटो मोबाइलवर पाहिल्यापासून झोप उडाली आहे. लेक झोपला की डायनिंग टेबलावर बसून चारकोलने तेच चेहरे काढते, जरा हलकं वाटतं. नवरा म्हणतो, 'यानं तिकडचं युद्ध थांबणार आहे का?' एक चित्र स्टेटसला ठेवलं, तर नणंदेचं 'वा, मस्त गं!' आलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच्या दुःखावर मी माझा छंद पोसतेय का?

उत्तर : नाही थांबणार. यजमानांना तसं सरळ सांगून टाका. (बातम्या लावून सोफ्यावर चर्चा केल्यानंही थांबत नाही, हे हळूच सुचवायला हरकत नाही.)

तुम्हाला खुपलंय ते नणंदेचं 'मस्त'. दुःखातून काम कसं घडतं, त्याची एक गोष्ट सांगते. केटे कोलविट्झ ही जर्मन चित्रकार. तिचा १८ वर्षांचा मुलगा पेटर ऑक्टोबर १९१४मध्ये बेल्जियममध्ये लढाईत मारला गेला. सैन्यात जायला त्याला वडिलांची परवानगी लागत होती, आणि त्यांच्याकडे त्याची रदबदली आईनंच केली होती. त्याच्या स्मारकाची तिची पहिली कल्पना होती आडव्या पडलेल्या मुलाची. काम जमेना. मध्ये काही वर्षं तिनं ते सोडूनही दिलं. अखेर १९३२ साली शिल्प दफनभूमीत उभं राहिलं, तेव्हा त्यात मुलगा नव्हताच. गुडघे टेकलेले आईबाप, तेही वेगवेगळे. बापानं हात स्वतःभोवतीच आवळून धरलेत. चेहरे तिचे आणि तिच्या नवऱ्याचे.

तुम्हीही फोटोतली लेकरं काही दिवस राहू द्या. ती कुणाची तरी आहेत, आणि त्यांच्या घरच्यांना विचारायची सोय नाही. मोबाइल धरलेला स्वतःचा हात काढा. पांघरूण लाथाडून झोपलेला लेक काढा. तुमची झोप त्याच्याकडे बघूनच उडतेय, असा माझा अंदाज आहे.

स्टेटसची घाई नको. स्पेनमधल्या युद्धावरची तिथल्याच गोया या चित्रकाराची चित्रमालिका तो गेल्यावर ३५ वर्षांनी, १८६३ साली प्रसिद्ध झाली. तुमची वही कपाटात राहिली तर काही बिघडत नाही.

मदत करावीशी वाटली तर युनिसेफला पैसे पाठवा, पण चित्रांचा हिशेब त्यात मिसळू नका. रात्री जेवणानंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. तरीही झोप लागत नसेल तर 'टेलिमानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या सरकारी नंबरवर मोफत बोलता येतं.

आणि नणंदेवर राग धरू नका. असल्या चित्राखाली काय लिहायचं, हे तिला सुचलं नसणार.